बोंडअळी सातबारा विचारत नाही

कापसाच्या संशोधनाला सध्या बरे दिवस आले आहेत. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात कापूस उत्पादकतेसाठी पाच वर्षांचे अभियान जाहीर केले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने सघन लागवडीची प्रात्यक्षिके शेतकऱ्यांच्या शेतावर नेली. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ शेजारीच आहे. बुलढाणा आणि जळगाव जामोद येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. संशोधनाला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, हे संशोधन कोणाच्या वावरात उतरते आणि कोणाच्या बांधावरून परत फिरते?

बुलढाणा जिल्ह्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या अठरा टक्क्यांच्या आसपास आहे. या समाजाच्या हाती जमीन किती, हे सांगायला आकडेवारीची गरज नाही. कोणी मजुरीवर जगतो, कोणी बटईने करतो, कोणी गावच्या ई-क्लास जमिनीवर दोन-तीन एकर वहिती करून कापूस लावतो. या तिघांच्याही नावाने सातबारा नाही, आणि सातबारा नाही म्हणजे शासनदरबारी तो शेतकरीच नाही. एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, तोही जमिनीच्या नोंदीवरच मिळतो. कापूस महामंडळाच्या केंद्रावर माल विकायचा तर 'कपास किसान' अॅपवर जमिनीची कागदपत्रे लागतात. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला, पण ई-क्लासवाल्याला गावातला व्यापारी देईल तोच भाव!

कोणी म्हणेल, हा जमिनीचा प्रश्न झाला, यात संशोधनाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो शास्त्रज्ञांनीच सिद्ध केलेला आहे. २००२ साली बीटी कापसाला मंजुरी मिळाली, २००६ साली दोन जनुकांचे बियाणे आले. गुलाबी बोंडअळीने तेही पचवले. २०१७ च्या हंगामात विदर्भाची बोंडे आतून पोखरली गेली. तेव्हापासून तज्ज्ञ सांगतात, फरदड घेऊ नका, डोमकळ्या तोडून नष्ट करा, कामगंध सापळे लावा, हंगाम संपताच पऱ्हाटी शेताबाहेर काढून बारीक करा. आणि मुख्य म्हणजे हे सगळे अख्ख्या गावाने एकाच वेळी करा. कारण एका शेतात अळी राहिली तर पुढच्या वर्षी तिचे पतंग शिवारभर पसरतात.

मग अख्ख्या गावात ई-क्लासची जमीन येते की नाही? तिथे सापळे कोण देणार? प्रात्यक्षिकाच्या यादीत ते वावर नाही, अनुदानाच्या यादीत नाही, कृषी सहायकाच्या वहीत नाही. बोंडअळी सातबारा विचारत नाही, विचारते ती फक्त शासन!

पऱ्हाटीचेच पाहा. वाळलेल्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत राहते, म्हणून घराशेजारी पऱ्हाटी रचू नये, हा सल्ला शास्त्राला धरून आहे. पण भूमिहीन बाईची चूल त्याच पऱ्हाटीवर पेटते. सिलिंडर भरायला पैसे नसतील तर तिने काय जाळायचे? हा प्रश्न संशोधनाच्या आराखड्यात आला पाहिजे. सघन लागवडीचेही तसेच. ९० बाय १५ सेंटिमीटर अंतरावर पेरायचे तर एकराला दोनऐवजी पाच-सहा पाकिटे लागतात. २०२५ साली पाकिटाचा भाव ९०१ रुपये होता. अकोल्याच्या विद्यापीठाने एकेए-७, एकेए-८ यांसारखे देशी सरळ वाण दिलेले आहेत, ज्यांचे बी घरी राखता येते. खारपाण पट्ट्यातल्या शेगाव, संग्रामपूर, नांदुऱ्याच्या कोरडवाहू गरिबाला कोणता मार्ग परवडतो, हे त्याच्या वावरात तपासल्याशिवाय कळणार नाही.

फवारणीचा विषय तर जिवाचा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम संरक्षक कपड्यांची तरतूद करतात. शिवारात ती कोणी पाळताना दिसत नाही. शेतकरी अपघात योजनेत फवारणीच्या विषबाधेला दोन लाखांचे साहाय्य आहे, पण ते खातेदाराला आणि त्याच्या घरच्या एका सदस्याला. पाठीवर पंप घेणारा भूमिहीन मजूर त्यात कुठेच नाही.

बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतीवर निबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखवून दिले की, शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यात भांडवल आणि श्रम किती प्रमाणात पडतात यावर ठरते. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा, जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हा भेदच उरू नये, अशी मांडणी केली. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली याच मागणीसाठी लाखो लोक तुरुंगात गेले.

कायदा आमच्या बाजूने अजिबात नाही असे नाही. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीयांची वहिती नियमित करायची होती. २०११ च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमणे काढायला सांगितली, पण शासकीय अधिसूचनेने भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवादही ठेवला. अधिकारी निकालाचे पहिले अर्धे वाक्य वाचतात, दुसरे वाचत नाहीत.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. १९९१ च्या निर्णयाखालील प्रलंबित दावे गावनिहाय यादी लावून निकाली काढा. ई-क्लासवरील आणि बटईच्या कापसाची स्वतंत्र पीक नोंद घ्या. कृषी विज्ञान केंद्रांनी दरवर्षी काही प्रात्यक्षिके याच वावरांत घ्यावीत. फवारणी करणाऱ्या मजुराला अपघात योजनेत आणा.

कार्यकर्त्यांनीही मोर्चाची वाट पाहू नये. दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे, पीकपेऱ्याचे उतारे आजच गोळा करावेत आणि खरिपापूर्वी तहसीलदाराकडे अर्ज करून पोच घ्यावी. पोच हातात असेल तरच उद्या न्यायालयात उभे राहता येते.