"मला चांगलं आठवतंय!"



आपल्याकडे कुठलाही वाद मिटवायला एक हुकमी वाक्य आहे. "मला चांगलं आठवतंय!" त्यातून बोलणारा सत्तरी ओलांडलेला असला की विषयच संपला. बांधावरचा निंब कोणी लावला, वाटणीच्या वेळी काय ठरलं होतं, कोणाच्या लग्नात कोण रुसून गेलं... आजोबा म्हणाले ना, मग झालं! मी आता त्याच वयाचा आहे, म्हणून या वाक्याविरुद्ध बोलायला मला कोणी अडवणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की आठवणींवर जीव जरूर लावावा, पण त्यांच्यावर निकाल देऊ नये.

बहुतेकांची समजूत अशी असते की डोक्यात एक कॅसेट आहे. घडलेलं सगळं तिच्यावर टिपलेलं आहे, फक्त मागे फिरवून लावायची. ही समजूत साफ चुकीची आहे. केंब्रिजच्या बार्टलेट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली यावर पुस्तक लिहिलं. त्याने इंग्रज विद्यार्थ्यांना अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर पुन्हा पुन्हा आठवून लिहायला लावली. कथेतली झाडाच्या खोडाची डोंगी साधी होडी झाली, सीलची शिकार मासेमारी झाली, जे कळलं नव्हतं ते गळून गेलं. कोणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाने आपल्याला पटेल अशी कथा नव्याने रचली होती. वर्गात कानगोष्टींचा खेळ घेतलेल्या कुठल्याही मास्तराला हे सांगायला नको. पहिल्या बाकावरचा "गाय विहिरीजवळ चरते" शेवटच्या बाकापर्यंत "गाय विहिरीत पडली" होतो. फरक इतकाच, की डोक्यातल्या खेळात पहिला बाकही आपणच आणि शेवटचाही आपणच.

यावर कोणी म्हणेल, किरकोळ गोष्टी विसरतात हो, मोठा प्रसंग कसा विसरेल? हेही तपासून झालंय. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर यान आकाशात फुटलं. नायसर नावाच्या प्राध्यापकांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं – बातमी कुठे कळली, कोणी सांगितली. अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. त्यातल्या ११ जणांचं एकही मुख्य उत्तर आधीच्या उत्तराशी जुळलं नाही! आणि खात्री मात्र भक्कम. त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला, तरी जुनी आठवण परत आली नाही. म्हणून सांगतो, आवाजाच्या जोरावरून आठवणीचा खरेपणा मोजू नका.

आता आमच्या पिढीचा आवडता मुद्दा घेऊ. "पूर्वीच्या लोकांची स्मरणशक्ती अफाट होती. वेद मुखोद्गत होते. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, तरी गाणी पाठ होती." अगदी खरं. पण ते कशामुळे टिकलं ते बघा ना! वैदिकांनी पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा उलटसुलट म्हणण्याच्या पद्धती बसवल्या, म्हणजे एक अक्षर हललं तरी पकडलं जावं. माणसाची आठवण घसरते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर एवढा बंदोबस्त! बहिणाबाईंच्या ओव्यांना जात्याची लय होती, आणि सोपानदेवांनी व त्यांच्या मावसभावाने त्या लिहून घेतल्या म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथातही पाठभेद शिरले, तेव्हा एकनाथ महाराजांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध करावी लागली. लय, रोजची उजळणी आणि चूक धरणारा दुसरा माणूस, या तिन्ही गोष्टी असतील तर शब्द टिकतात. वाटणीच्या बैठकीत कोण काय बोललं, याला यातलं काय होतं?

हा प्रश्न घरातल्या भांडणापुरता असता तर मी एवढं लिहिलं नसतं. पण आठवणीवर माणसं तुरुंगात जातात. १९७४ साली लॉफ्टस आणि पामर यांनी १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या "धडकल्या" तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्यांचा "चक्काचूर झाला" तेव्हा किती होता? आठवड्याने विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? फिल्ममध्ये काच नव्हतीच. पण "धडकल्या" ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना ती दिसली होती, आणि "चक्काचूर" ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना! एका शब्दाने एवढं होतं, तर वर्षानुवर्षं चाललेल्या खटल्यात, गावभर चर्चा ऐकून, साक्षीदाराचं काय होत असेल?

आणि पुण्यात तर याच्याही पुढची गोष्ट झाली. २००८ च्या जूनमध्ये तिथल्या सत्र न्यायालयाने एका विद्यार्थिनीला खुनाबद्दल जन्मठेप दिली. इतर पुराव्यांबरोबर मेंदूच्या एका चाचणीचाही आधार घेतला गेला. डोक्याला तारा लावायच्या, वाक्यं ऐकवायची, आणि ऐकणाऱ्याने ती गोष्ट स्वतः केली आहे की नुसती ऐकली आहे हे यंत्र सांगणार! ही त्या कॅसेटच्याच समजुतीची यांत्रिक आवृत्ती. त्याच वर्षी बंगळुरूच्या निमहान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने या पद्धतीला शास्त्रीय मानायला नकार दिला. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अशा चाचण्या कोणावरही जबरदस्तीने करता येणार नाहीत. अहो, घडलेली आठवण आणि ऐकून घडवलेली आठवण यातला फरक ज्याचं डोकं त्यालाच कळत नाही, तो यंत्राला कुठून कळणार?

"मग काय आठवणी सगळ्या खोट्याच?" असं विचारू नका. अमळनेरला शिकवलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं, तेव्हा आई जाऊन पंधराएक वर्षं झाली होती. आई शब्दशः तसंच बोलली होती का, हे कोणी विचारत नाही, विचारूही नये. त्या आठवणीतला गाभा खरा आहे. पण गाभ्यावर शेताचा बांध ठरत नाही, आणि फाशीही ठरत नाही.

कोणी माझ्यावरच उलटेल, "मास्तर, कागद तरी कुठे खरा असतो? निम्म्या तालुक्याचा वाढदिवस १ जून आहे!" बरोबर. नाव घालायला आलेले आजोबा सांगायचे, "दुष्काळाच्या पुढच्या साली, पोळ्याच्या आसपास," आणि शाळेत १ जून लिहिलं जायचं. पण गंमत बघा, कागदाचं हे खोटं सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ते जसं लिहिलं तसंच राहिलं. आठवणीचं खोटं दर खेपेला कपडे बदलून येतं. कायद्यालाही हे कळतं. साक्षीदाराने त्याच वेळी, किंवा आठवण ताजी असताना, केलेलं टिपण पाहून साक्ष द्यायला १८७२ च्या पुरावा कायद्याने मुभा दिली होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ती आहे.

तेव्हा घरच्या मंडळींना एक काम सांगतो. येत्या आखाजीला लेकीबाळी माहेरी जमतील. जुन्या गोष्टी काढा, पण सगळ्यांना एकत्र बसवून नको. प्रत्येकाकडून वेगवेगळं लिहून घ्या, तारीख घाला, मग ताडून पाहा. पाचोरा-जामनेर गाडीचंच घ्या. २०२० पासून आपली पीजे धावत नाही, आणि तिच्याबद्दलच्या आठवणी आता गाडीपेक्षा लांब झाल्या आहेत. जुन्या फोटोंच्या मागे नावं लिहा. आणि कोणी छाती ठोकून "मला चांगलं आठवतंय" म्हणाला, की नम्रपणे विचारा, "कुठे लिहून ठेवलंय का हो?"

राग येईल. येऊ द्या. भावाभावांत कोर्टकचेरी होण्यापेक्षा ते बरं.