मंत्र्यांचा कर, जनतेचा खिसा

नोकरदाराचा प्राप्तिकर वेतन हाती पडण्यापूर्वीच कापला जातो. त्याला पळवाट नसते. उत्तर प्रदेशच्या मंत्र्यांना तर पळवाट शोधण्याचीही गरज नव्हती. त्यांनी कायदाच करून ठेवला होता. १९८१ साली विश्वनाथ प्रताप सिंह मुख्यमंत्री असताना संमत झालेल्या या कायद्याने मंत्र्यांच्या वेतनावरील प्राप्तिकर राज्याच्या तिजोरीतून भरण्याची तरतूद केली. कारण काय, तर बहुतेक मंत्री गरीब घरांतून येतात, त्यांचे उत्पन्न तुटपुंजे! हे सांगणारे मुख्यमंत्री स्वतः मांडाच्या राजघराण्यातले, ही गोष्ट वेगळी.

पुढे काँग्रेस, भाजप, समाजवादी, बसपा अशी सर्वांचीच सरकारे आली. २०१२ साली राज्यसभेचा अर्ज भरताना मायावतींनी शंभर कोटींहून अधिक मालमत्ता घोषित केली. गरिबांसाठीची म्हणून दिलेली ही सवलत तरीही चालूच राहिली. यात बेकायदेशीर काहीच नव्हते, आणि हेच अधिक लाजिरवाणे. ज्याच्या हाती कायदा करण्याचा अधिकार, त्यानेच आपल्या लाभाचा कायदा करून ‘आम्ही नियमानेच वागलो’ म्हणणे म्हणजे न्यायाधीशाने स्वतःच्याच खटल्याचा निकाल देण्यासारखे आहे.

सप्टेंबर २०१९ मध्ये वृत्तपत्रांनी हे प्रकरण उजेडात आणले. त्या वर्षीचा भरणा सुमारे ८६ लाख रुपयांचा होता. योगी आदित्यनाथ सरकारने ही प्रथा तत्काळ बंद केली, हे योग्यच झाले. पण त्याच सरकारच्या मंत्र्यांचा करही आधीची दोन वर्षे तिजोरीतूनच गेला होता. आपल्या वाट्याची रक्कम परत करण्यास एखादा माजी मंत्री पुढे येईल काय?