बंडीआडचे दुखणे

दिवाळी अंकातले हे सदर फराळाच्या ताटासारखे खुसखुशीत असावे, असा संपादकांचा दरवर्षीचा आग्रह. आजवर मी तो पाळलाही. चकली तेलात का विरघळते, आकाशकंदील ऐन लक्ष्मीपूजनाच्या रात्री का विझतो, असल्या गहन प्रश्नांवर लिहून झाले. यंदा मात्र वाचकांची क्षमा मागून एका दुखण्याविषयी लिहितो. गेल्या दिवाळीत ते आमच्या करमाळ्याच्या घरी मुक्कामाला होते. ज्याचे ते होते, त्या माझ्या पुतण्यानेच "काका, लिहा" म्हणून सांगितले. फक्त नाव घालायचे नाही, ही अट. ती योग्यच आहे.

पुतण्या २३ वर्षांचा, पुण्यात नोकरीला. लहानपणी हे पोर उन्हाळ्यात मळ्यातल्या विहिरीतून बाहेर काढावे लागे. तेराव्या-चौदाव्या वर्षी त्याने पोहणे एकाएकी सोडले. सदरे ढगळ झाले, खांदे पुढे झुकले. नरकचतुर्दशीला आजीच्या हातचे तेल-उटणे नको, आपली आपण दार लावून आंघोळ. आम्ही म्हणालो, पोरगे वयात आले, लाजते. एवढे म्हणून मोकळे झालो. गेल्या वर्षी गणपतीत त्याने मला गच्चीवर नेऊन सांगितले, तेव्हा कळले की तो दहा वर्षे आपली छाती लपवून जगत होता. तिथे मुलींसारखा उभार आला होता आणि तो गेलाच नव्हता. शाळेत पोरांनी त्यावरून जे म्हणायचे ते म्हणून घेतले होते.

आपल्या भाषेने पुरुषाची सारी अब्रू छातीवर नेऊन ठेवली आहे. छाती काढून चालावे, छातीठोक बोलावे, संकटात छातीचा कोट करावा. ज्याला छातीचीच लाज वाटते, त्याने काय करावे?

या विकाराला डॉक्टर गायनेकोमॅस्टिया म्हणतात. नाव अवघड, पण प्रकार साधा. पुरुषाच्या छातीतही स्तनग्रंथीचा छोटा अंश असतोच. शरीरातल्या स्त्री-पुरुष संप्रेरकांचा तोल ढळला की तो वाढतो. वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलांना हे थोडेफार होते आणि बहुतेकांचे सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. काहींचे मात्र राहते, ग्रंथी निबर होते, आणि मग जोर-बैठकांनी काही ती वितळत नाही. चरबीने छाती लोंबते तो प्रकार वेगळा. कधी मागे काही औषधे असतात, यकृताचे किंवा थायरॉइडचे दुखणे असते, व्यायामशाळेत गुपचूप घेतलेली इंजेक्शने असतात, क्वचित अंडकोशातली गाठही असते. म्हणून सुरीआधी तपासणी. पुतण्याची ती रीतसर झाली. दोष काही निघाला नाही, आणि शस्त्रक्रिया ठरली.

कोणी म्हणेल, ही नवी फॅशन. तसे नाही. एजायना बेटाचा पॉल नावाचा वैद्य सातव्या शतकात लिहून गेला आहे की, पुरुषाला अशा छातीपायी बायकीपणाचा बोल लागतो, म्हणून ती शस्त्राने कमी करावी. चंद्रकोरीसारखा छेद कसा घ्यावा, तेही त्याने सांगितले. आणि आपल्याकडे? १७९२च्या लढाईत टिपूच्या लोकांनी कावसजी नावाच्या एका मराठा गाडीवानाचे नाक कापले. पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक दिले. ती हकीकत १७९४च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने चित्रासह छापली. कावसजीने नवे नाक चारचौघांत मिरवले असेल. आमच्या पुतण्याची अट मात्र अशी, की घरी 'छातीतली गाठ काढली' एवढेच सांगायचे. मी मान डोलावली. या गोष्टीतली पहिली चूक ती, आणि ती माझी.

शस्त्रक्रिया पुण्यात झाली. पूर्ण भूल देऊन, दोनेक तासांत. आधी बारीक नळीने चरबी ओढून घेतली, मग स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या खालच्या कडेने छोटा छेद घेऊन ग्रंथी काढली. कडेलाच छेद घेतला की व्रण रंगात लपतो. दुसऱ्या दिवशी घरी सोडले. दोन्ही कुशींना आतले पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या आणि अंगात घट्ट ताणाची बंडी. ही बंडी या दुखण्यातली खरी परिचारिका. ग्रंथी काढली की आत पोकळी राहते. कातडी खाली चिकटून बसेपर्यंत त्या पोकळीत पाणी साचू पाहते, आणि ते साचू न देण्याचे काम बंडी करते. म्हणून तिचा मुक्काम काही आठवड्यांचा. रात्रीही ती काढायची नाही.

आम्ही पुण्यातच त्याच्या मित्राच्या खोलीवर राहिलो. पहिल्या रात्री दुखण्यापेक्षा आवळल्याचा त्रास जास्त. उताणे निजायचे, पाठीशी तीन उशा. कुशीवर वळायचे नाही. कोपर खांद्याच्या वर न्यायचे नाही. म्हणजे फळीवरचा डबाही आपल्याला परका. सदरा पुढून बटणांचाच हवा. चालायचे मात्र पहिल्याच दिवसापासून, खोलीतल्या खोलीत का होईना, म्हणजे पायांत रक्त गोठत नाही. वेदनेच्या गोळ्यांनी पोट धरते, म्हणून ताक, पपई, भरपूर पाणी. तंबाखू-सिगारेट बंद, कारण धूर जखमेचे रक्त तोडतो.

तिसऱ्या दिवशी पुतण्याने आरशासमोर सदरा उघडला आणि तसाच खाटेवर येऊन बसला. छाती सुजलेली, जांभळी-हिरवी. "काका, सगळे फुकट गेले. होती तशीच आहे." डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवले होते. सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत वाढते, मग आठवड्यागणिक उतरते. काळ्या वर्तुळाखाली कडकपणा काही आठवडे लागतो, बधिरपणाही राहतो, आणि खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी दिसतो. पण सांगितलेले तिसऱ्या दिवशी कोणाला आठवते? ज्यांच्यावर ही पाळी येईल त्यांना माझे सांगणे, पहिला आठवडा आरशाला पाठ करा.

चौथ्या दिवशी नळ्या निघाल्या आणि आम्ही गाडी करून करमाळ्याला आलो. गाडीचा पट्टा छातीला टोचू नये म्हणून मध्ये घडीचा टॉवेल. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावरचा एकेक खड्डा मला पुतण्याच्या चेहऱ्यावर वाचता येत होता. घरी पोचलो तो वसुबारस.

आणि धनत्रयोदशीला गावाने समाचार घेतला. 'छातीतली गाठ' हे शब्द वेशीपर्यंत पोचले होते. एकाने ठरवले, हार्ट. दुसऱ्याने दबक्या आवाजात त्याहून वाईट रोगाचे नाव घेतले. शहाळी आली, देवीचा अंगारा आला, हळदीचा लेप लावायचा सल्ला आला. तो मात्र मी उंबऱ्याबाहेरच ठेवला, कारण ताज्या टाक्यांवर घरगुती लेप लावून जखम पिकवून घेण्यात शहाणपण नाही. माजघरात वहिनी करंज्या लाटता लाटता डोळे पुसत होत्या. मला वाटले, कढईची वाफ. त्या म्हणाल्या, "भावजी, खरे सांगा. कॅन्सर आहे का?" मी "छे छे" म्हणालो. पण ज्याने एकदा अर्धे सांगितले, त्याच्या 'छे छे'वर कोण विश्वास ठेवणार?

दुपारी पाहुण्यांचा लोंढा वाढला. सदऱ्याखाली बंडीची कड दिसते, कोणी विचारील, म्हणून पुतण्याने आत जाऊन ती काढून ठेवली आणि शाल पांघरून ओसरीवर येऊन बसला. मला पत्ता नाही. संध्याकाळपर्यंत तो तसाच बसला. रात्री जेवताना त्याचा उजवा हात ताटात नीट जाईना. खोलीत नेऊन पाहतो तो छातीची उजवी बाजू डावीच्या दीडपट. बोटाने दाबले की पाण्याच्या पिशवीसारखी हलत होती.

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, फोटो पाठवा. पुतण्या म्हणाला, नको. मी रागावलो, तो रडकुंडीला आला, आवाज वाढला, आणि दार ढकलून माझी आई, म्हणजे त्याची आजी, आत आली. शाल खाली पडली होती. लपवायला आता काही उरले नव्हते. तिने चष्मा सारखा केला, जवळ येऊन नीट पाहिले, आणि मला म्हणाली, "उजेड धर की रं." मी बॅटरी धरली, फोटो निघाला. डॉक्टरांनी विचारले, घट्ट होत चालले आहे का? दुखणे झपाट्याने वाढते आहे का? ताप? धाप? यातले काही असते तर रात्रीच निघायचे होते, कारण आत रक्त साचले की थांबण्यात अर्थ नसतो. तसे नव्हते. बंडी पुन्हा चढवा, सकाळी उजाडताच या, असे ठरले.

त्या रात्री पुतण्याने सगळे सांगितले. वहिनी दाराशी, दादा खिडकीशी. ऐकून आजी म्हणाली, "आरं, येवढंच हुतं व्हय?" मग थोडा वेळ गप्प राहून, "तुझं आजोबा जन्मात कधी हिरीत उतरलं न्हाईत. बंडी काढली न्हाई कुनासमोर. मी म्हनायची, मानूस पान्याला भितंय."

पुढे कोणी काही बोलले नाही. दादा बाहेर जाऊन गाडीवाल्याला फोन करून आले. वहिनी मात्र त्या रात्री पाच दिवसांत पहिल्यांदा शांत झोपल्या.

सकाळी पुण्यात डॉक्टरांनी सुईने पाणी ओढून घेतले, पाच मिनिटांचे काम. बंडी पुन्हा आवळली, आणि आम्हा दोघांना बोलणी बसली, ती रास्तच होती. संध्याकाळी परत आलो. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. छातीवर तेल-उटणे वर्ज्य, पाणीही नको, ओल्या फडक्याने पुसायचे. तरी आजीने पाट मांडला. डोक्याला, हातापायांना तेल लावले. बंडीवर बोट टेकवून म्हणाली, "ह्ये फुडल्या साली."

भाऊबीजेनंतर आम्ही दोघे रोज देवीच्या माळाकडे हळूहळू चालत जाऊ लागलो. कमलाभवानीच्या ९६ पायऱ्यांच्या बारवेशी पहिल्या दिवशी तो काठावरच बसून राहिला. आठवड्यानंतर रोज थोडा खाली उतरू लागला.

असो. दुखणे आठ-पंधरा दिवसांचे होते, ते गेले. सूज गेली, बंडी सुटली, व्रण शोधून पाहावा तर दिसतो. पण त्या दिवसांत सुरीने जेवढा त्रास दिला, त्याहून अधिक आमच्या लपवाछपवीने दिला. आईला कॅन्सरची भीती लपवण्यातून, पोराच्या छातीत पाणीही लपवण्यातूनच. आपल्या घरात एखादे पोर उन्हाळ्यात ढगळ सदरा घालून विहिरीच्या काठावर बसत असेल, तर त्याला "लाजतोस काय" म्हणून हसू नका. एकदा बाजूला घेऊन विचारा. बहुतेकांना 'हे ओसरते' एवढे कळले तरी पुरते. ज्याचे ओसरत नाही, त्याला डॉक्टरकडे नेणारे कोणी हवे.

पुतण्या यंदा दिवाळीला येतो आहे. पाटावर तो बसेल की नाही, मी विचारलेले नाही. आजीने मात्र तेलाची वाटी आत्ताच घासून ठेवली आहे.