चेंज द डिग्री आणि उसाचा दर

'चेंज द डिग्री'. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या कुणालाही हा प्रश्न आठवत असेलच. 'नो अदर' आणि 'अॅज' दिसलं की पॉझिटिव्ह, 'दॅन एनी अदर' दिसलं की कम्पॅरेटिव्ह, 'द' आणि शेवटी 'इएसटी' दिसलं की सुपरलेटिव्ह. साचा पाठ करा, मार्क घ्या, पुढे चला. वाक्य म्हणतंय काय, हे विचारायची गरजच नाही!

पुढे हीच बारामती-इंदापूरकडची पोरं पुण्यात इंटरव्ह्यूला येतात. कोड झकास लिहितात. पण 'धिस इज मोअर बेटर' असं तोंडातून निघालं की पॅनलवरचं कुणीतरी गालातल्या गालात हसतं. मला या हसण्याचा राग येतो. कारण चूक कुठून येते ते बघा.

मराठीत तुलना करताना विशेषण जागचं हलत नाही. 'बारामती मोठी', 'बारामती इंदापूरपेक्षा मोठी', 'बारामती सगळ्यात मोठी'. 'मोठी' तशीच. सगळं काम 'पेक्षा' आणि 'सगळ्यात' करतात. इंग्रजीत मात्र 'दॅन' लावून भागत नाही, 'बिग'चं 'बिगर'सुद्धा करावं लागतं. म्हणून कुणी 'बिग दॅन' म्हणतो, तर कुणी खात्रीसाठी 'मोअर बिगर' म्हणतो. दोघंही आपल्या भाषेचं लॉजिकच वापरतायत. हा फरक फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून दाखवायला किती वेळ लागतो? दहा मिनिटं.

आणि दुहेरी सुपरलेटिव्हला हसणाऱ्यांनी 'सर्वश्रेष्ठ' हा शब्द आठवावा. संस्कृतात 'इष्ठ' हा सुपरलेटिव्हचाच प्रत्यय. श्रेष्ठ म्हणजेच सर्वांत चांगला, ज्येष्ठ म्हणजेच सर्वांत मोठा. तरी आपण वर 'सर्व' लावतोच ना? गंमत म्हणजे इंग्रजीतला 'इएसटी' आणि हा 'इष्ठ' एकाच मुळातले. 'स्वीटेस्ट' आणि 'स्वादिष्ठ' हे सख्खे चुलतभाऊ आहेत. आणि खुद्द शेक्सपिअरच्या 'ज्युलिअस सीझर'मध्ये दुहेरी सुपरलेटिव्ह आहे. त्याला कोण हसणार? याचा अर्थ 'मोअर बेटर' चालवून घ्या असा नाही. आजच्या इंग्रजीत ते चूकच. पण ती अडाणीपणाची खूण नाही, एवढंच.

आता तो 'अदर'. बारामती इंदापूर तालुक्यातल्या कुठल्याही गावापेक्षा मोठी, हे सांगताना 'दॅन एनी टाउन' पुरतं, कारण बारामती त्या तालुक्यात नाहीच. पण बारामती तालुक्याबद्दल बोलताना 'दॅन एनी अदर टाउन' हवं. नाहीतर बारामती स्वतःपेक्षाच मोठी ठरते! सॉर्टिंगचा कम्पॅरेटर लिहिणाऱ्याला हे लगेच कळेल. म्हणजे यात पाठांतर नाही, शुद्ध तर्क आहे. तोच नेमका शिकवला जात नाही.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. आधी ते पाचवीपासून असायचं. वर्षं वाढली, पण साचा सुटला का? मला नाही वाटत.

खरं तर या भागातल्या पोरांना तुलना शिकवायलाच नको. माळेगावचा दर जास्त, सोमेश्वरचा, की भवानीनगरच्या छत्रपतीचा, ही चर्चा ती घरात लहानपणापासून ऐकतात. नीरा डाव्या कालव्याच्या वरच्या अंगाला पाणी किती आणि टेलला किती, हेही त्यांना पाठ असतं. 'हाय, हायर, हायेस्ट' आणि 'लिटल, लेस, लीस्ट' यांना याहून चांगली उदाहरणं कुठून आणणार? तरी पुस्तकात आपलं 'राम इज टॉलर दॅन श्याम'. पोरांना ना राम माहीत, ना श्याम!

माझी सूचना साधी आहे. सातवीच्या वर्गात तीन कारखान्यांचे दर फळ्यावर लिहा आणि म्हणा, इंग्रजीत पाच वाक्यं सांगा. आधी चुका होऊ द्यात. मग 'पेक्षा' आणि 'दॅन' शेजारी ठेवा. चेंज द डिग्री नंतर आपोआप येईल.

असो. वर्गावर शिकवणारं कुणी हे वाचत असेल, तर करून बघा आणि जरूर कळवा.