लोकरीची खेडी, कापसाची खेडी

परदेशवारी करून आलेल्या कुटुंबांच्या छायाचित्रांत इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड्स भागातील एखादे खेडे हमखास असते. मधाळ रंगाच्या दगडी घरांची ओळ, संथ ओढा, निर्मनुष्य रस्ता. बायबरी गावातील आर्लिंग्टन रो ही तशीच एक ओळ. १४ व्या शतकात ती लोकरीची वखार म्हणून उभी राहिली, पुढे तेथे विणकरांची बिऱ्हाडे आली. त्या परिसरातील भव्य चर्चेसही लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या पैशातून झाली. कालांतराने धंदा उठून दुसरीकडे गेला. प्रवासी जिचे कौतुक करतात ती शांतता म्हणजे उठून गेलेला बाजार होय.

बुलढाणा जिल्ह्यातील घराण्यांना हे निराळे सांगावयास नको. अमेरिकेतील यादवीच्या काळात वऱ्हाडच्या कापसाला विलायतेत मागणी आली आणि १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत लोहमार्गाचा फाटा आला. मारवाडातून आलेल्या कुटुंबांनी खेडोपाडी दुकाने मांडली. पुढे पेढी, मागे धान्याचे बळद, वर राहते घर. आज त्यांतील कित्येक वाड्यांना कुलपे आहेत. वाडा विकला जातो तोही बहुधा सागवानाच्या भावाने.

मेहकरकडील एका खेड्यात पुण्याहून एक कुटुंब अशाच व्यवहारासाठी आले होते. लाकडाचा भाव ठरला होता. ‘‘बाबा, सही करून दुपारीच निघू,’’ असे मुलाचे म्हणणे. वृद्ध वडिलांनी मात्र वर्षानुवर्षे किल्ली सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला बोलावून आणावयास सांगितले. तो संकोचत म्हणाला, ‘‘शेटजी, तुमचा माल, तुमची मर्जी. पण मागची खोली राहिली असती तर आमचं सोयाबीन ठेवता आलं असतं. ठेवायला जागा नाही म्हणून काढणी झाली की पडत्या भावात द्यावं लागतं.’’

मुलाला हे पटले असे नाही. कौले बदलण्याचा खर्च कोण करणार, भाडे किती, लेखी करार कोणाच्या नावे, असे त्याचे प्रश्न होते. आणि ते रास्तच होते. भावनेच्या भरात राखलेली वास्तू पुढच्या पावसाळ्यात कोसळतेच. वडिलांनी बऱ्याच वेळाने एवढेच विचारले, ‘‘तुळया शाबूत आहेत का, ते तर पाहून घे.’’

मुलगा शिडी लावून वर चढला. लाकडाच्या व्यापाऱ्याला दुसऱ्या दिवशी यावयास सांगण्यात आले. दिवस कलण्याआधी शेतकऱ्याच्या घरून जेवणाचे बोलावणे आले. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, मेथीची भाजी; कशातही कांदा-लसूण नव्हता. कोणी तसे सांगून ठेवलेले नव्हते.