घर मागा, ब्लॉक नव्हे

बुलेट ट्रेन, वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्ग, वाढवण बंदर. डहाणू-तलासरीत प्रकल्प आला की समजूत घालणारा हजर होतो: घर गेले तर गेले, पक्क्या इमारतीत ब्लॉक मिळेल!

लोकल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत येते. ती पकडून नोकरीला जाणाऱ्याला स्टेशनजवळचा ब्लॉक सोयीचा. त्याला आमचा विरोध नाही. पण भातशेतकऱ्याचे घर नुसते झोपायला नसते. कारवीच्या कुडाआड कणगी असते, बाहेर खळे, पेंढा, गुरे, कोंबड्या, परसात शेवगा. तिसऱ्या मजल्यावर बैल कुठे बांधायचा? परसातली भाजी विकत घ्यायची, वर पंपाचे आणि लिफ्टचे बिल, हे कोणत्या पगारातून? मुलाचे लग्न झाले की कुडाला कूड जोडून पडवी वाढवता येते. ब्लॉकची भिंत सरकत नाही.

कायदाही वाचा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे ग्रामीण भागात घर गेल्यास इंदिरा आवास योजनेच्या निकषाचे बांधलेले घर द्यायचे आहे. कुटुंबाला हवे असेल तर त्याची किंमत. बहुमजली इमारतीची मुभा तिथे फक्त शहरी घरांपुरती आहे. २०१५ पासून ही अनुसूची राष्ट्रीय महामार्गांच्या संपादनालाही लागू आहे.

मात्र त्या निकषात गोठा नाही, खळे नाही. ते आपणच ग्रामसभेच्या ठरावात घालायचे: जमिनीवरचे घर, गुरांना जागा, खळ्याला जागा, आणि शेत पायी गाठता येईल इतके जवळ. ठरावाची नक्कल जिल्हा बैठकीला घेऊन या.