कासवाच्या पिल्लाची ऊब आणि घरातील ज्येष्ठ

नाताळच्या सुट्ट्या लागल्या की मुलगा, सून आणि नातवंडे सहलीला जातात आणि घर आजी-आजोबांच्या स्वाधीन होते. अलीकडे घराबरोबर एखादा पाळीव जीवही त्यांच्या स्वाधीन केला जातो. आमच्या दिंडोशीत ज्येष्ठांकडून येणारा एक प्रश्न असा, ‘नातवाच्या कासवाच्या पिल्लाला दिव्याची ऊब द्यावी लागते. तो दिवा चालू ठेवून आम्ही झोपलो किंवा बाहेर गेलो, तर चालेल का?’ मी माणसांचा डॉक्टर आहे. कासवाच्या आजाराचे निदान पशुवैद्यानेच करावे. परंतु उष्णता, वीज आणि जंतुसंसर्ग या तिन्ही गोष्टी तुमच्या प्रकृतीशीही निगडित आहेत, म्हणून हा लेख.

आधी कायदा पाहू. पाठीवर पिवळ्या ताऱ्यांची नक्षी असलेले स्टार कासव ‘घरात भरभराट होते’ या समजुतीने पाळले जाते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये ते बाळगणे गुन्हा आहे. असे कासव घरात असेल, तर ऊब देण्याची व्यवस्था करण्याआधी वनविभागाच्या १९२६ या मदतक्रमांकावर दूरध्वनी करावा. राष्ट्रीय उद्यान आणि आरे आपल्याला जवळ आहेत, म्हणून ते तेथे नेऊन सोडून देऊ नये. तसे केल्याने त्या कासवाचेही हित होत नाही आणि जंगलाचेही. परदेशी जातीचे कासव असल्यास त्याची शासनाकडे नोंदणी झाली आहे ना, हे मुलांना विचारून घ्यावे.

आता उबेविषयी. आपले शरीर स्वतः उष्णता निर्माण करते, कासवाचे तसे नाही. भोवतालची हवा थंड झाली की त्याचे पचन मंदावते, ते खाणे सोडते आणि पिल्लांना श्वसनाचे विकार जडू शकतात. उष्ण प्रदेशातील जातींच्या पिल्लांसाठी पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश तापमान साधारणपणे योग्य ठरते. नेमका आकडा जातीनुसार पशुवैद्याकडून घ्यावा. दोन टोकांतील हा फरक महत्त्वाचा आहे. नको असलेल्या उष्णतेपासून पिल्लाला दूर सरकता आले पाहिजे.

मुंबईत खरा धोका गारठ्यापेक्षा अतिउष्णतेचा आहे. सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता, परंतु तो अपवाद. एरवी हिवाळ्यातील काही रात्री आणि वातानुकूलित खोली सोडली, तर वर्षातील बराच काळ रात्री वेगळी उष्णता लागतही नाही. उलट खिडक्या बंद असलेल्या घरात, झाकण लावलेल्या काचेच्या पेटीत दिवा सतत जळत राहिला, तर पिल्लू काही तासांत दगावू शकते.

म्हणून पुढील व्यवस्था मुलांनी जाण्यापूर्वी, शक्यतो एक आठवडा आधी करावी.

१. दिवा थेट जोडू नये. मध्ये थर्मोस्टॅट असावा आणि त्याचा संवेदक पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर बसवावा. दोन-तीन दिवस तो नीट चालू-बंद होतो का, ते पाहावे.

२. रात्रीसाठी प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर मिळतो. त्याला चिनी मातीचाच होल्डर लागतो, प्लास्टिकचा वितळू शकतो. तो चालू आहे हे डोळ्यांना दिसत नाही आणि हात लागताच भाजते, म्हणून भोवती जाळी हवी.

३. दिवा नुसत्या चिमट्यावर टांगू नये, साखळीनेही बांधावा. पडदा, वर्तमानपत्र आणि सुके गवत त्यापासून दूर ठेवावे.

४. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर अनेक उपकरणे लावू नयेत. घरातील वीजगळतीचा स्विच चाचणीचे बटण दाबून तपासून घ्यावा.

५. खालून तापणारी गादी किंवा गरम पाण्याची पिशवी पिल्लाखाली ठेवू नये, पोट भाजते.

६. वीज गेली तर घाबरू नये. पेटीभोवती चादर गुंडाळावी, वरून हवा खेळती ठेवावी. मेणबत्ती किंवा शेगडी मुळीच नको.

एवढे करूनही घर दिवसभराहून अधिक काळ बंद राहणार असेल, तर शेजाऱ्यांना रोज डोकावायला सांगावे किंवा पिल्लू जाणकाराकडे ठेवावे. यंत्र बिघडले, तर ते पाहायला घरात कोणीतरी हवेच.

आता तुमच्याविषयी. ज्यांना मधुमेहामुळे हातापायांना बधिरता आहे, त्यांनी उष्णता हाताने अजमावू नये, तापमापक वाचावा. गरम पाण्याच्या पिशवीने पाय भाजलेले मधुमेही आम्ही डॉक्टर दर हिवाळ्यात पाहतो. दिवा बदलण्यासाठी स्टुलावर चढू नये. पेटी कमरेच्या उंचीवर असावी आणि वायर चालण्याच्या वाटेत नसावी.

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला हे जंतू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. पासष्टीपुढील व्यक्ती, पाच वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया आणि कर्करोगाचे उपचार घेणारे रुग्ण यांना या संसर्गाचा धोका अधिक. पेटी किंवा पाण्याची वाटी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नये. प्रत्येक वेळी साबणाने वीस सेकंद हात धुवावेत. काही तासांपासून सहा दिवसांच्या आत ताप, पोटात मुरडा, जुलाब सुरू झाले, तर डॉक्टरांना घरात कासव असल्याचे आवर्जून सांगावे. जुलाबात रक्त, लघवी कमी होणे किंवा ग्लानी असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आणि ही जबाबदारी झेपत नसेल, तर तसे मुलांना स्पष्ट सांगावे. प्रेमापोटी सगळ्यालाच ‘हो’ म्हणण्याची सवय आपल्या पिढीला आहे. नातू रागावेल, पण दोन दिवसांत विसरेल. पिल्लासाठी दुसरी सोय वेळेवर होईल आणि तुमची झोपही शांत राहील.